पाच मायक्रॉनची रेषा

२४ जानेवारी २०२०, चिनी नववर्षाची पूर्वसंध्या. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका पाच मजली उपाहारगृहात तिसऱ्या मजल्यावर दुपारच्या जेवणाला गर्दी होती. वूहानहून आदल्याच दिवशी आलेलं एक कुटुंब मधल्या टेबलावर बसलं होतं. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवर दोन अनोळखी कुटुंबं होती. टेबलांमध्ये साधारण एक मीटरचं अंतर. तास-सव्वा तासात सगळे जेवून उठले. वूहानहून आलेल्यांपैकी एकीला त्याच दिवशी ताप आणि खोकला सुरू झाला. पुढच्या दोन आठवड्यांत या तीन कुटुंबांतली मिळून दहा माणसं आजारी पडली. त्या वेळी मजल्यावर नव्वदेक माणसं होती. बाकीच्या टेबलांवरच्या कुणालाही लागण झाली नाही, वाढप्यांनाही नाही.

तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण उपलब्ध होतं. ते बारकाईनं पाहिल्यावर या कुटुंबांचा एकमेकांशी जवळून संबंध आल्याचं काही दिसलं नाही. मग विषाणू एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला कसा? हाँगकाँग विद्यापीठातले अभियंते ली युगुओ आणि त्यांचे सहकारी पुढे त्याच जागी गेले. त्यांनी टेबलं-खुर्च्या तशाच मांडल्या, सहज मागोवा घेता येईल असा एक वायू हवेत सोडला आणि तो कुठे जातो ते मोजलं. मजल्याला खिडक्या नव्हत्या. हवा बाहेर फेकणारे पंखे त्या दिवशी बंद होते. भिंतीवरचा एसी या तीन टेबलांवरची हवा ओढून, थंड करून पुन्हा त्याच तीन टेबलांवर सोडत होता. बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर मिळत होती. अशा जागेत ती आठ-दहा लिटर तरी असावी असं मानतात.

शिंकेचा थेंब थेट तोंडावर उडाला, हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. एकाच मेजाला सगळ्यांचे हात लागले, असंही नाही. तीन टेबलांनी तासभर एकच हवा वाटून घेतली होती.

अशा घटना हळूहळू समोर येत होत्या, त्याच काळात जगाला सांगितलं जात होतं ते वेगळंच. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं समाजमाध्यमांवर ठणकावून जाहीर केलं की कोविड हा हवेतून पसरणारा आजार नाही. खोकताना, शिंकताना, बोलताना उडणारे थेंब जड असतात, ते लगेच खाली पडतात. म्हणून अंतर ठेवा, हात धुवा, पृष्ठभाग पुसून घ्या.

जगानं ते ऐकलं, आपणही ऐकलं. त्या वर्षी आपल्या घरांत काय चाललं होतं ते आठवून पाहा. दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या जात. भाजी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवली जाई. नोटांना इस्त्री करणारेही होते. किराण्याच्या पिशव्या दोन-दोन दिवस गॅलरीत पडून असत. वर्तमानपत्रं घरोघरी टाकणं बंद झालं. सोसायट्यांच्या जिन्यांवर आणि रस्त्यांवर हायपोक्लोराइटचे फवारे मारले गेले. मार्चअखेरीला उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर तसंच द्रावण फवारलं गेलं. माणसांवर फवारणी करू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये लेखी सांगावं लागलं. आणि याच दिवसांत बागा, मैदानं, चौपाट्या बंद होत्या. म्हणजे जिथे धोका सगळ्यात कमी होता त्या जागांना कुलूप लागलं आणि माणसं एकाच खोलीत कोंडली गेली.

हे का घडलं, ते समजून घ्यायचं तर आधी विषाणूचा प्रवास पाहावा लागेल, आणि मग शंभर वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय भांडणात शिरावं लागेल.

सार्स-कोव्ह-२ हा विषाणू एका मायक्रॉनच्या साधारण दहाव्या भागाएवढा असतो आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्या पृष्ठभागावरची काटेरी प्रथिनं आपल्या पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. नाक, घसा, फुफ्फुस अशा सगळ्या श्वसनमार्गात त्याला या पेशी सापडतात. तिथे तो वाढतो, आणि मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागतो तो अनेकदा ताप-खोकला सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीच. २००३ साली आलेला त्याचा भाऊबंद, पहिला सार्स, रुग्ण खूप आजारी पडल्यावर जास्त पसरायचा, त्यामुळे रुग्ण ओळखून वेगळा काढला की साखळी तुटायची. इथे ती सोय राहिली नाही. धडधाकट दिसणारी माणसं कामावर, लग्नात, लोकलमध्ये जाऊन विषाणू पसरवत होती.

न खोकता, न शिंकता तो बाहेर येतो कसा? आपण श्वास सोडतो, बोलतो, गातो, तेव्हा श्वासनलिकांच्या आणि स्वरयंत्राच्या ओल्या अस्तरावरून हजारो कण सुटतात. त्यांतले बहुतेक इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. जितकं मोठ्यानं बोलावं तितके ते अधिक सुटतात, गाताना तर आणखी. बंद खोलीत एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्या वेळात दुसऱ्या कोपऱ्यातही वास येतो आणि खिडकी उघडली की तो विरतो. श्वासातले हे कण असेच वागतात. जवळ बसलेल्याला ते सर्वाधिक मिळतात, म्हणून अंतर ठेवण्याचा उपयोग होतोच. पण खोली बंद असेल आणि वेळ बराच असेल, तर सहा फुटांवरचा किंवा वीस फुटांवरचा माणूसही सुटत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत चीनमधल्या तीन किंवा अधिक रुग्णांच्या ३१८ प्रादुर्भावांचा अभ्यास झाला. ते सगळे बंदिस्त जागांमध्ये घडले होते.

आता त्या जुन्या भांडणाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांची पक्की समजूत होती की रोग दूषित, कुजकट हवेतून येतात. मुंबईनं या समजुतीचा फटका सोसला आहे आणि तिचा लाभही घेतला आहे. १८९६ साली शहरात गाठीचा प्लेग आला तेव्हा घरांत हवा-उजेड नाही म्हणून रोग होतो, असं मानून सरकारी पथकांनी छपरांची कौलं काढली, भिंतींना चुना फासला आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली. प्लेग तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते १८९८ मध्ये कराचीत दाखवूनही दिलं. पण त्याच वर्षी मुंबईत जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यानं हवा-उजेडाचा ध्यास सोडला नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे खालच्या खोलीपर्यंत आभाळ पोहोचेल. नियमामागचं कारण प्लेगच्या बाबतीत चुकीचं होतं, तरी तो क्षयाच्या बाबतीत फार उपयोगाचा होता.

जंतूंचा शोध लागल्यावर मात्र वैद्यकशास्त्राला ही दूषित हवेची कल्पना लाजिरवाणी वाटू लागली. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० साली संसर्गाच्या मार्गांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. रोग मुख्यतः स्पर्शानं आणि जवळच्या माणसाच्या थुंकीच्या थेंबांनी पसरतात, हवेतून पसरल्याचा पुरावा फारसा नाही, असं त्यांनी मांडलं. लोकांना हवेची भीती वाटत राहिली तर ते हात धुणार नाहीत, हीही चिंता त्यात होती. त्यांच्याच प्रॉव्हिडन्समध्ये १९०८ साली क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी देशातली पहिली खुल्या हवेची शाळा सुरू झाली होती. भर हिवाळ्यात खिडक्या सताड उघड्या ठेवून मुलं गोधड्यांत बसून शिकत. व्यवहारात खुल्या हवेवरचा विश्वास तग धरून होता. पाठ्यपुस्तकांत मात्र चेपिन जिंकले आणि पुढच्या पिढ्यांतले डॉक्टर हवा हे कारण बाजूला ठेवूनच शिकले.

या मताला आव्हान दिलं ते डॉक्टर नसलेल्या माणसानं. हार्वर्डमधले अभियंता विल्यम वेल्स यांनी १९३४ साली साधा प्रश्न विचारला: थेंब जमिनीवर पडायला किती वेळ लागतो, आणि वाळायला किती? शंभर मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब वाळण्याआधीच दोन मीटरच्या आत खाली पडतो. त्याहून लहान थेंब पडण्याआधीच वाळतो आणि उरलेला हलका कण हवेत तरंगत राहतो. दोन्हींमधली रेषा कुठे आखायची असेल तर ती शंभर मायक्रॉनवर आखावी, असा त्याचा अर्थ.

वेल्स आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मिल्ड्रेड यांना त्या काळी फारसा मान मिळाला नाही. वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात जो प्रयोग उभारला, तो मला वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. क्षयाच्या सहा खोल्यांतली हवा नळांतून छतावर नेली. तिथे पिंजऱ्यांत सुमारे दीडशे गिनीपिग ठेवले. रुग्ण खाली, प्राणी वर. दोघांमध्ये श्वासाच्या हवेपलीकडे कसलाही संबंध नाही. महिन्याला सरासरी तीन गिनीपिगांना क्षयाची लागण होत गेली. दोन वर्षांत ७१. प्राण्यांच्या दुसऱ्या गटाला तीच हवा दिली, पण वाटेत तिच्यावर अतिनील किरण सोडून. त्यांतल्या एकालाही क्षय झाला नाही.

क्षय हवेतून पसरतो हे यानंतर नाकारणं शक्य नव्हतं. मात्र मान्यता देताना एक घोटाळा झाला. क्षयाचा जंतू फुफ्फुसात अगदी खोलवर पोहोचला तरच रोग जडतो आणि तिथवर पाच मायक्रॉनपेक्षा लहान कणच जाऊ शकतात. क्षयापुरता हा आकडा बरोबर होता. पण पुढे तो वेल्स यांच्या शंभर मायक्रॉनच्या जागी जाऊन बसला. पाचपेक्षा मोठा तो जड थेंब, लगेच पडणार. पाचपेक्षा लहान तोच हवेतला. हे वाक्य नियमावल्यांतून नियमावल्यांत उतरत गेलं. भौतिकशास्त्राच्या हिशेबानं पन्नास मायक्रॉनचा थेंबही चटकन वाळून हलका होतो आणि हवेच्या झोताबरोबर जातो. हे सगळं उलगडलं ते महासाथ सुरू असताना. व्हर्जिनिया टेकमधल्या प्राध्यापक लिन्से मार आणि संशोधक केटी रँडल यांनी जुनी पुस्तकं, अहवाल खणून काढत पाच मायक्रॉनचं मूळ शोधलं.

कणांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना धोका लवकर दिसला होता. ब्रिस्बेनच्या लिडिया मोरावस्का आणि मार यांच्यासह काही तज्ज्ञांनी एप्रिल २०२० च्या सुरुवातीलाच जागतिक आरोग्य संघटनेशी ऑनलाइन बैठक केली. त्यांचं म्हणणं पटलं नाही. त्याआधीच, १० मार्चला, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीच्या गायकवृंदाचा सराव झाला होता. दारात सॅनिटायझर होतं, गळाभेटी टाळल्या होत्या. ६१ जण अडीच तास गायले. त्यांच्यातल्या ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याचं मानलं गेलं, दोघे दगावले. ही घटना इतकी बोलकी होती की तिच्यानंतर धोरण बदलायला हवं होतं. जुलैत मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी लिहिलेल्या खुल्या पत्राला जगभरातल्या २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा मिळाला. त्यानंतर संघटनेनं शक्यता मान्य केली, तीही हातचं राखून. हवेतून लागण होते, हे तिच्या संकेतस्थळावर नीट शब्दांत यायला एप्रिल २०२१ ची अखेर उजाडली.

या उशिराची किंमत कुणी मोजली? सर्वांत आधी परिचारिकांनी आणि वॉर्डबॉयनी. थेंबांचा नियम धरला तर साध्या वॉर्डात सर्जिकल मास्क पुरतो. एन-९५ लागतो तो नळी घालण्यासारख्या मोजक्या कामांनाच. अनेक देशांत हेच लेखी धोरण होतं. मास्कचा तुटवडा हे त्याचं एक खरं कारण होतं, हे मान्य करायला हवं. पण तुटवडा आहे असं सांगणं वेगळं आणि गरजच नाही असं सांगणं वेगळं. त्या परिचारिका खोकणाऱ्या रुग्णांच्या खोलीत आठ-आठ, बारा-बारा तास तीच हवा घेत होत्या.

मग किंमत मोजली लहान घरांनी. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ताचे नमुने तपासले गेले. नीती आयोग, महापालिका आणि टीआयएफआर यांच्या या पाहणीत झोपडपट्ट्यांमधल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. इतर वस्तीत हे प्रमाण १६ टक्के होतं. सामायिक शौचालयं, पाण्याची रांग, गर्दी ही कारणं त्यामागे आहेतच. पण दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, एक दार आणि बहुधा एकही खिडकी नाही, अशा ठिकाणी ‘घरात राहा, सुरक्षित राहा’ या सल्ल्याचं काय होतं ते या आकड्यांत दिसतं.

जपाननं वेगळी वाट धरली. हितोशी ओशितानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्च २०२० मध्येच हेरलं की बहुतेक रुग्ण कुणालाच लागण देत नाहीत आणि मोजके रुग्ण काही विशिष्ट जागी खूप जणांना देतात. त्यावरून लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितलं गेलं: बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं. कणांच्या आकाराचा वाद मिटण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. पुरावा पुरेसा नसताना सावधगिरी कुठल्या बाजूला झुकवायची, हा इथला खरा प्रश्न होता. हवेतून पसरतो असं मानून चुकलो असतो तर नुकसान काय होतं? काही खिडक्या विनाकारण उघड्या राहिल्या असत्या. उलट चुकल्याचं नुकसान आपण भोगलं.

भारतात केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं २० मे २०२१ रोजी एक पत्रक काढलं. सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. दारं-खिडक्या उघडा, पंखे लावा, हवा बाहेर टाकणारे पंखे बसवा, असं त्यात चित्रांसह समजावलं होतं. पत्रक उत्तम होतं. पण तोवर डेल्टाची लाट कळसाला पोहोचून ओसरू लागली होती. प्राणवायूसाठी धावाधाव करून थकलेली कुटुंबं अंत्यसंस्कारांच्या रांगांत उभी राहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात नेहमीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले, त्यांतले ४७ लाख भारतात. भारत सरकारनं हा अंदाज आणि त्यामागची पद्धत नाकारली. त्या दोन वर्षांची अधिकृत नोंद पाच लाखांच्या थोडी खाली आहे. यांतले किती मृत्यू खेळत्या हवेनं टळले असते, याचा हिशेब मांडता येणार नाही. लस, औषधं, खाटा, प्राणवायू या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तरी खिडकी हा उपाय पहिल्या दिवसापासून हाताशी होता आणि त्याला पैसे लागत नव्हते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता काही बदलतं आहे. अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी सुचवलेली घरगुती पेटी, म्हणजे चौकोनी पंख्याभोवती चिकटपट्टीनं जोडलेले चार-पाच फिल्टर, अनेक शाळांतल्या मुलांनी स्वतः बनवली. बेल्जियमनं २०२२ साली सार्वजनिक बंदिस्त जागांच्या हवेसाठी कायदा केला आणि तिथे कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप धरलं. हे मोजमाप हुशारीचं आहे. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात चाळीस हजारांच्या आसपास. खोलीतला आकडा चढत गेला की दुसऱ्यांनी सोडलेली हवा आपण पुन्हा किती घेतो आहोत ते कळतं. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाच मायक्रॉनची रेषा अखेर पुसली. श्वासातून सुटणारे सगळ्या आकारांचे कण एकाच मालिकेतले आहेत आणि त्यांतले कित्येक जवळ वा दूर श्वासावाटे आत जाऊ शकतात, असं तिच्या नव्या अहवालात आहे.

आपल्याकडे नळाच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे. हवेची राष्ट्रीय मानकं आहेत, ती बाहेरच्या हवेसाठी. वर्गात, कोर्टाच्या खोलीत, एसी बसमध्ये, क्लासच्या तळघरात मुलं-माणसं तासन्‌तास जी हवा घेतात, ती कुणी मोजत नाही. नव्या इमारतींत काचेच्या न उघडणाऱ्या भिंती वाढत चालल्या आहेत.

आणि मुंबईत पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहत आहेत. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं तज्ज्ञांच्या मदतीनं गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत फिरून क्षयाचे रुग्ण नोंदवले आणि घरांतला उजेड आणि वारा तपासला. तो अभ्यास २०१८ च्या सुमारास, कोविडच्या आधीच समोर आला. तिथे सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. ऑर यांच्या नियमानं तीन मीटरच्या मोकळ्या जागेशेजारी सहा मीटरची, म्हणजे दोन मजल्यांची इमारत चालली असती. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली तर वासच आत येतो म्हणून लोक ती बंद ठेवतात. क्षयाचे रुग्ण खालच्या मजल्यांवर अधिक सापडले. जास्त अंतर राखून बांधलेल्या वसाहतीत ते बरेच कमी होते.